दहा पावलं मागून

मंगळवारी सकाळी पावणेअकराच्या सुमाराला, विभागाच्या दुसऱ्या मजल्यावर, सरांनी तिला विचारलं, "बाथरूम कुठंशी आहे गं इथं?"

तिनं हातानं दाखवलं, डावीकडे, जिन्याच्या पलीकडे. सर "हां, हां" म्हणाले आणि गेले. एवढंच झालं. ती मात्र एका हातात चहाचा कप आणि बगलेत फाईल अशी तिथंच उभी राहिली. या मजल्यावर सरांनी एकतीस वर्षं काढली होती, त्यातली शेवटची नऊ विभागप्रमुख म्हणून. त्या बाथरूमच्या दाराशेजारचा सूचनाफलक त्यांनीच तिथं हलवून घेतला होता; प्राध्यापक दुसरीकडे कुठं फिरकोत न फिरकोत, इथं दिवसातून दोनदा तरी येतातच, असं म्हणून. तिनं मनाची समजूत घालायला सुरुवात केली. दारांना नवा रंग दिलाय. निवृत्त होऊन सात वर्षं झाली. माणूस आपल्या तंद्रीत असतो. परवा तिनं स्वतः नवऱ्याला फोन करून विचारलं होतं, माझा फोन घरी राहिलाय का बघ, आणि नवरा शांतपणे म्हणाला होता, "नाही, तुझ्या कानाला आहे." असं कुणाचंही होतं. ती खोलीत आली, चहा टेबलावर ठेवला आणि तो गार होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसली. कुणाचंही होतं, हे वाक्य गेली चोवीस वर्षं ती दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत आली होती. मुलं म्हणत, सुना म्हणत, नवरे म्हणत. हे वाक्य आलं की ती वहीच्या समासात एक बारीकशी खूण करायची.

वार्धक्यावर काम करणारा तिचा विभाग, रुग्णालयातला मेंदूविकारांचा विभाग आणि पर्यटन शिकवणारा विभाग अशा तिघांनी मिळून दोन वर्षांपूर्वी एक प्रकल्प सुरू केला होता. प्रश्न साधा होता. पासष्टीपुढच्या माणसांना दर चार महिन्यांनी नव्या गावी नेलं, नवे रस्ते, नवी तोंडं, नवी निजायची खोली दिली, तर त्यांचं विसरणं मंदावतं का? चोवीस जण सहलीला जात, चोवीस जण घरीच राहत आणि अठ्ठेचाळीसही जणांची प्रत्येक खेपेला तीच चाचणी होई. या लोकांना म्हणायचं काय, यावरच पहिल्या बैठकीत तासभर गेला होता. डॉक्टर 'पेशंट' म्हणत, पर्यटनवाले प्राध्यापक 'पाहुणे' म्हणत, ती 'सहभागी' म्हणे. शेवटी त्यांच्यातलीच एक निवृत्त शिक्षिका म्हणाली, "म्हातारे म्हणा की सरळ. आम्हाला ऐकू कमी येतं, राग कमी येतो असं नाही, पण म्हणा." चाचणी सरांची होती. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी ती तयार केली, आणि तेव्हापासून ती कितीतरी दवाखान्यांतून वापरात होती. पाच शब्द सांगायचे. मग घड्याळ काढायला लावायचं, शंभरातून सात-सात वजा करायला लावायचे, आणि माणूस त्यात गुंतला की हळूच विचारायचं, मघाचे ते पाच शब्द कोणते होते? चावी, ढग, पितळ, मावशी, पूल.

आणि सहभागी क्रमांक सतरा म्हणजे सर स्वतःच होते. नियमात हे बसत नव्हतं. ज्यानं प्रश्नपत्रिका काढली त्यालाच परीक्षेला बसवण्यातला प्रकार होता. पण नावं नोंदवायच्या दिवशी सर भरलेला फॉर्म घेऊनच आले आणि म्हणाले, "जन्मभर लोकांना तपासलं. आता मला तपासा." ती हसली आणि तिनं फॉर्म घेतला. सरांना नाही म्हणणं तिला कधी जमलं नव्हतं. या खेपेला नाही म्हणायला हवं, हे तिला फॉर्म हातात घेतानाही कळत होतं. मग चिठ्ठ्या टाकल्या, सतरा नंबर सहलीच्या गटात निघाला, आणि सरांनी भर सभेत टाळी वाजवली.

त्या मंगळवारी दुपारी तिनं कपाटातून सतरा नंबरची फाईल काढली. पाच चाचण्या. पाचही वेळा तीसपैकी तीस. पाच घड्याळं, एकसारखी, अकरा वाजून दहा मिनिटं, बाराच्या आकड्याखाली एक छोटी आडवी रेघ. ही रेघ तिच्या ओळखीची होती. वर्गात फळ्यावर घड्याळ काढून दाखवताना सर ती अशीच काढत, आणि विद्यार्थी दशेत तिनंही उगाच त्यांच्यासारखी रेघ काढायची सवय लावून घेतली होती. शेवटच्या कागदावर, खाली कोपऱ्यात, चाचणी घेणाऱ्या नर्सबाईंनी पेन्सिलनं लिहिलं होतं : 'शब्द मी सांगण्याआधीच त्यांनी म्हणून दाखवले. दोघंही हसलो.' तीन महिन्यांपूर्वी ही ओळ वाचून तीही हसली होती. आता तिला दिसलं की दोन वर्षांत सरांची चाचणी एकदाही झालेली नव्हती. दर चार महिन्यांनी सर येत, चाळीस वर्षं पाठ असलेलं म्हणून दाखवत, आणि सगळे जण त्याला तीस गुण देत.

तिनं फाईल मिटली. असं उशिरा दिसणं तिला नवं नव्हतं. ती अठरा वर्षांची असताना घरातले सगळे मिळून एकदाच सहलीला गेले होते. एक धबधबा होता, त्याच्यापुढे फरसबंद मोकळी जागा, फोटो काढणारे, शेंगदाणे विकणारे. फोटोसाठी सगळे उभे राहिले तेव्हा आई नव्हती. दीड तास शोधाशोध झाली. आई सापडली ती गाड्या उभ्या करायच्या जागेत, एका परक्या कुटुंबाच्या गाडीत मागच्या सीटवर, मांडीवर पर्स घेऊन, कुणीतरी येऊन गाडी सुरू करील याची वाट बघत. मोठ्या भावानं नक्कल करून दाखवली. तिनं काय केलं होतं? तिनं आईला सगळ्यांच्या देखत म्हटलं होतं, "लाज आणलीस." आई तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती. त्यानंतर ती सात वर्षं जगली आणि त्या सात वर्षांत त्यांच्या घरातून कुणी कुठं सहलीला गेलं नाही. डॉक्टरकडेही कुणी गेलं नाही. घरानं निदान केव्हाच करून टाकलं होतं, एका शब्दात : वेंधळी. पुढं पीएच.डी.च्या मुलाखतीत सरांनी विचारलं होतं, हाच विषय का? ती म्हणाली, समाजातल्या वृद्धांचं प्रमाण वाढतंय म्हणून. सर म्हणाले, "हे माझ्या पुस्तकातलं वाक्य आहे. तुझं सांग." तेव्हा तिनं त्या गाडीचं सांगितलं. मागची सीट, पर्स, सगळं. सरांनी सांत्वन केलं नाही की पाणी मागवलं नाही. फक्त विचारलं, "गाडीचं दार आतून कुणी लावलं होतं? त्यांनी स्वतः?" आणि तिला पहिल्यांदा वाटलं की आईबद्दल कुणीतरी नीट विचारतंय.

संध्याकाळी तिनं सरांच्या घरी फोन केला. काकूनं उचलला. सरांची बायको ही त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांची काकू होती; प्रबंध लिहून होईपर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांची पोटंही तिनंच सांभाळली होती.

"काकू, सर घरी कसे असतात हल्ली?"

"कसे म्हणजे? असतात तसे."

"नाही, विसरणं वगैरे..."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग काकू म्हणाली, "वय झालं गं. कुणाचंही होतं." आणि घाईघाईनं पुढं, "गुरुवारची तुमची सहल आहे ना, त्यांची बॅग भरून तयार आहे. कालपासून तीनदा उघडून बघितलीय त्यांनी."

तिच्या हातात पेन होतं. समोर वही उघडी होती. तिनं खूण केली नाही.

गुरुवारी बस निघाली तेव्हा काकू फाटकाशी आली होती. सरांच्या सदऱ्याच्या खिशात तिनं घडी केलेला कागद सरकवला, वरून खिसा थोपटला. सर खिडकीतून म्हणाले, "अगं, आत जा, ऊन लागेल." बसमध्ये सर रंगात आले. शिक्षिकेशी वाद घातला, ड्रायव्हरला त्याच्या गावाबद्दल विचारलं, चाळीस वर्षांपूर्वीच्या एका परिषदेत माईक बंद पडला होता त्याची गोष्ट सांगितली. सगळे हसले. तासाभरानं ती गोष्ट त्यांनी पुन्हा सांगितली, त्याच जागी थांबून, त्याच शब्दांत, आणि सगळे पुन्हा हसले, कारण गोष्ट चांगली होती आणि निम्म्या लोकांना ती नवीच वाटली असावी. ती मागच्या सीटवर बसून सरांची मान बघत होती. केस नीट कापलेले होते, कॉलर इस्त्रीची होती. तिला एका पोस्टमनची आठवण आली. ती नवीनच लागली होती तेव्हाची गोष्ट. पोस्टमननं घड्याळ काढलं आणि बाराच्या बारा आकडे एका बाजूला कोंबले, जसे उतारूंनी बोटीच्या एकाच कडेला गर्दी करावी. त्याची मुलगी बाहेर बाकावर बसली होती. ती उठून मुलीला सांगायला निघाली, तर सरांनी मनगट धरून थांबवलं. "ज्याचं आहे त्याला आधी," ते म्हणाले, आणि स्वतः पोस्टमनच्या समोर खुर्ची ओढून बसले. पाऊण तास बसले. पोस्टमन शेवटी म्हणाला, "म्हणजे पत्ते चुकतायत ते माझ्याच हातून." सर हो म्हणाले. ती दाराशी उभी राहून ऐकत होती आणि मनात म्हणत होती, हे मला कधी जमणार नाही.

गाव तळ्याकाठी होतं. तळ्याला धक्का, धक्क्यापासून वर येणारा दुकानांचा रस्ता, मग टपालकचेरीपाशी उजवीकडे वळण, दवाखान्यापाशी डावीकडे, आणि मग हॉटेल. सगळं मिळून सहाशे-सातशे पावलं. दोन दिवसांत सगळ्यांना या वाटेनं तीन वेळा नेलं होतं. या खेपेला पहिल्यांदाच, तिसऱ्या दिवशी दुपारी प्रत्येकानं धक्क्यापासून हॉटेलपर्यंत एकट्यानं जायचं, आणि प्रकल्पातल्या एकानं दहा पावलं मागून चालत टिपणं काढायची, असं ठरलेलं होतं. मदत करायची नाही. बोलायचं नाही. वीस मिनिटं होऊन गेली तरच पुढं व्हायचं. हा नियमही मूळचा सरांचाच. पर्यटनवाले प्राध्यापक यादी वाचत होते. सतरा नंबर त्यांच्या वाट्याला आला होता. तिनं त्यांच्याकडून तो कागद मागून घेतला. का, ते तिला त्यांना सांगता आलं नाही. "तुमचे सर, तुम्ही घ्या," ते मोकळेपणानं म्हणाले.

सर निघाले. पाठीमागे हात बांधून, ऐटीत. पहिली दीडशे पावलं सरळच होती. टपालकचेरी आली. तिथं भिंतीवर लाल पेटी होती, दोन दिवसांत तीन वेळा सरांनीच ती सगळ्यांना दाखवली होती, खूण म्हणून. सर पेटीकडे बघून पुढं गेले. सरळ. तिनं कागदावर लिहिलं, पहिलं वळण चुकलं, दुपारचे तीन वाजून सात. तिच्या तोंडात 'सर' हा शब्द तयार होता, आणि तिनं तो दाताखाली धरला. पुढं टोप्यांचं दुकान होतं. सर थांबले. एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, रस्ता ओलांडणारा माणूस बघतो तसं, पण रस्ता ओलांडायचा नव्हता आणि रस्त्यावर एकही गाडी नव्हती. त्यांचा उजवा हात खिशाकडे गेला आणि खिशाशीच थांबला. सदरा बदलला होता. काकूचा कागद गुरुवारच्या सदऱ्यात होता. दुकानदार बाहेर आला. सरांनी त्याला काही विचारलं नाही. त्यांनी एक टोपी उचलली, डोक्यावर घालून बघितली, आरशात बघितलं, ती विकत घेतली, सुटे पैसे परत घेतले, आभार मानले. सगळं इतकं रीतसर की कुणालाही वाटावं हा माणूस टोपी घ्यायलाच आला होता. तिनं लिहिलं, गोंधळले. सर टोपी घालून आणखी पुढं निघाले, हॉटेलापासून दूर, जिथं दुकानं संपतात आणि रस्ता पुन्हा तळ्याकडे उतरतो. तिथं एक बाक होता. त्यावर ते बसले. मांडीवर दोन्ही हात, समोर तळं. त्या बसण्यात वाट बघणं होतं. ती दहा पावलांवर उभी होती, घड्याळात अजून सहा मिनिटं बाकी होती, आणि तिला मागची सीट दिसत होती, पर्स दिसत होती. तेव्हाच्या त्या दीड तासात तिनं आईला एकदाही हाक मारली नव्हती, हे तिच्या आता लक्षात आलं. शोधताना वडील आईचं नाव घेऊन ओरडत होते, भाऊ ओरडत होता, ती मात्र नुसती रागानं चालत होती. सहा मिनिटं पुरी व्हायच्या आत ती पुढं झाली आणि सरांच्या शेजारी बसली.

सरांनी वळून बघितलं. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"किती वेळ होतीस मागं?"

"धक्क्यापासून, सर."

"दहा पावलं?"

"दहा पावलं."

"दाखव."

तिनं कागद दिला. सरांनी चष्मा पुसला आणि वाचला, तिचे सगळे कागद ते वाचत तसाच, ओळीवर बोट ठेवून. "हे 'गोंधळले' काय लिहिलंयस? हे तुझं मत झालं. तू बघितलंस काय?"

"तुम्ही टोपीच्या दुकानापुढे थांबलात."

"किती?"

"चार मिनिटं."

"मग तेवढंच लिही."

तिनं शब्द खोडला आणि लिहिलं. तळ्यात एक नाव किनाऱ्याकडे येत होती आणि बराच वेळ येतच राहिली. सर म्हणाले, "मला वाटलं उन्हानं झालं असेल." मग थोड्या वेळानं, "ते पाच शब्द मला पाठ आहेत, हे तुझ्या ध्यानात आलंच असेल."

"मंगळवारी आलं."

"उशीर केलास. दुसरे पाच दे."

सरांना विचारायला तिला जगात पाच शब्द मिळेनात. जो शब्द तोंडाशी येई तो तिला क्रूर वाटे. शेवटी ती म्हणाली, "दोरी, लिंबू, शेजारी, काच, डोंगर." सरांनी ते नीट तीनदा म्हटले. मग शंभरातून सात वजा करत गेले, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बिनचूक पासष्टपर्यंत, आणि तिथं थांबून तिला म्हणाले की गणित हे फार उशिरा जातं, लोक त्यावर फसतात. मग त्यांनी नावेबद्दल काही विचारलं, तिनं उत्तर दिलं. पाच मिनिटं झाली.

"सर, ते शब्द?"

"चावी," सर म्हणाले. आणि थांबले. "नाही. ते जुने." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, तिची कड बोटांनी फिरवली. "तू दिले होतेस ना नवे?"

"दिले होते."

"मी म्हटले होते?"

"तीनदा."

"आणि आता किती आले?"

तिला वाटलं, पोस्टमनसमोर खुर्ची ओढून बसताना सरांना काही तरी ठाऊक असलं पाहिजे, असं काही तरी जे त्यांनी तिला शिकवायचं राहून गेलं. पण तसं काही नव्हतं. नुसतं सांगायचं होतं. "एकही नाही, सर," ती म्हणाली.

सरांनी मान हलवली. ते म्हणाले, "तू सांगितलंस ते बरं झालं. दुसऱ्या कुणाशी मी वाद घातला असता, आणि जिंकलो असतो." मग विचारलं, "हिला माहीत आहे?"

"आहे, असं मला वाटतं."

"असणारच. खिशात रोज कागद असतो. मी समजायचो माझाच. अक्षर तिचं असतं." ते उठले. "चल. आता तूच पुढं हो, मी मागून येतो." आणि ते आले, दहा पावलं नाही, तिच्या अगदी खांद्याशी, हॉटेलपर्यंत.

पुढचं सगळं नियमाप्रमाणे झालं. डॉक्टरांनी मेंदूची छायाचित्रं काढली, भिंतीवरच्या दिव्यापुढे धरली, कुठला भाग आक्रसलाय ते दाखवलं. सर लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही जागा सांगितलीत. वेग सांगा." डॉक्टर म्हणाले, वेग सांगता येत नाही. सतरा नंबर प्रकल्पातून वगळला गेला, आणि त्याबरोबर पुढच्या सहलीही. वगळल्याचा कागद द्यायला ती स्वतः गेली. काकूनं तिला आत घेतलं नाही. दारातच उभी राहिली, एक हात चौकटीला.

"झालं तुझं शास्त्र?" काकू म्हणाली. "मला माहीत नव्हतं होय? मी झाकत होते. कशासाठी झाकत होते ते विचारलंस का कधी? ते जायचे तेव्हा तीन दिवस खूश असायचे. आल्यावर आठवडाभर खूश असायचे, कुठं गेलो ते आठवत नसलं तरी. आणि ते जायचे ते तीन दिवस मी झोपायचे. चार महिन्यांत तीन रात्री. हे लिहिलंस तू कुठं?"

तिनं लिहिलं नव्हतं. त्यांच्या तक्त्यात अठ्ठावीस रकाने होते. घरी राहिलेल्या माणसाच्या झोपेचा त्यात रकाना नव्हता. काकूनं चौकटीवरचा हात काढला. दार लागलं. खाली उतरताना तिला वाटलं, माझ्या आईच्या वेळी कुणी कळवलं असतं तर आम्ही तिला वेंधळी म्हटलं नसतं. पण कळवल्यावर तिला कुठं नेलंही नसतं. दोन्हीतलं कमी वाईट कोणतं, हा विचार तिनं त्या जिन्यात सुरू केला आणि तो पुढं कितीतरी दिवस, भाजी चिरताना, बैठकीत, केस विंचरताना, तिच्या मागं मागं चालत राहिला.

निष्कर्ष लिहायची वेळ आली. सतरा नंबर काढल्यावर दोन गटांतला फरक इतका बारीक झाला की त्याला फरक म्हणायचं धाडस तिला होईना. पर्यटनवाले प्राध्यापक तिच्या खोलीत आले, बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. "एका माणसानं काय होतंय, मॅडम?" ते म्हणाले. "आमच्या लोकांना 'फायदा होतो' एवढंच एक वाक्य हवंय. खोटं तर नाही ते. तुम्हीही बघितलंत, किती खूश असतात." ती म्हणाली, हो, बघितलंय. आणि तिनं लिहिलं : सहभागी क्रमांक सतरा यांचा चाचणीशी पूर्वपरिचय असल्यामुळे त्यांना वगळले आहे, त्यांना मुळात समाविष्ट करणे ही प्रकल्पप्रमुखांची चूक होती. शेवटी तिनं आणखी एक परिच्छेद जोडला. पुढच्या अभ्यासात घरी राहणाऱ्या सोबत्यांचीही नोंद घ्यावी, त्यांची झोपही मोजावी. डॉक्टरांना तो अस्थानी वाटला. तिनं तो काढला नाही. मग मसुद्याची एक प्रत पाकिटात घालून सरांच्या पत्त्यावर पाठवली. चोवीस वर्षांत तिचा एकही मसुदा सरांच्या हाताखालून गेल्याशिवाय छापून आला नव्हता. पाकीट टाकून झाल्यावर तिला वाटलं, हे आपण त्यांच्यासाठी केलं की आपल्यासाठी?

पाच आठवड्यांनी काकूचा फोन आला. "तुझा कागद वाचलाय त्यांनी. ये म्हणतात." एवढं बोलून ठेवला.

सर खिडकीपाशी बसले होते, मांडीवर लिहायची फळी, तिच्यावर मसुदा. वजन उतरलं होतं. तिला बघून म्हणाले, "ये, बैस. पहिली चार पानं ठीक आहेत. भाषा जड केलीयस, पण ठीक." समासात पेन्सिलच्या खुणा होत्या, पूर्वीसारख्याच बारीक, काही ठिकाणी एकाच शब्दाखाली दोन-तीनदा. काकूनं पाण्याचा पेला आणून ठेवला आणि दाराशी उभी राहिली. सर तिला "थँक्यू हं" म्हणाले. मग त्यांनी पान उलटलं आणि बोट ठेवलं.

"हा सतरा नंबर कोण?"

तिनं काकूकडे बघितलं. काकू जमिनीकडे बघत होती.

"एक गृहस्थ आहेत, सर."

"पूर्वपरिचय म्हणजे काय? चाचणी त्याला ठाऊक होती?"

"पाठ होती."

"आणि तरी घेतला? कुणी घेतला?"

"मी."

"का?"

"मला नाही म्हणता आलं नाही."

"कुणाला?"

बाकावर तिनं त्यांना सांगितलं होतं. एकदा सांगायचं असतं, आधी त्याला सांगायचं असतं, हे तिला येत होतं. पण दर भेटीला तेच पुन्हा नव्यानं सांगायचं का, हे सरांनी तिला शिकवलं नव्हतं, कुठल्या पुस्तकात लिहिलं नव्हतं. सर उत्तराची वाट बघत होते. चष्म्याआडचे डोळे जुनेच होते, अर्धवट उत्तर न चालणारे.

"माझ्या सरांना," ती म्हणाली.

"सरांना!" सरांनी मसुदा फळीवर आपटला. "सर असले म्हणून काय झालं? अगं, तू प्रकल्पप्रमुख ना? दारावर बसवलेल्या माणसानं ओळखीच्या माणसाला आत सोडायचं नसतं, ओळखीच्यालाच आधी अडवायचं असतं. अनोळखी माणूस तुला काय फसवणार? फसवतात ते आपलेच, आणि मुद्दाम नाही फसवत, प्रेमानं फसवतात. आणि ते तुझे सर! त्यांना कळायला नको? एवढी वर्षं शिकवलं म्हणे. त्यांना म्हणावं, तुम्ही स्वतःचं समाधान करून घेतलंत, या पोरीचं दोन वर्षांचं काम पाण्यात घातलंत. माझं नाव सांग खुशाल." ते बोलत राहिले. मोजमाप म्हणजे काय, भीड कशी आकड्यांत शिरते, माणूस आणि नोंद यांच्यात किती अंतर ठेवावं आणि ते कधी मोडावं. वाक्यं पुरी होत होती. एकदाही शब्द अडला नाही. पंचवीस मिनिटं सरांनी तिला असं फैलावर घेतलं, जसं तिच्या तिशीत घ्यायचे, आणि ती मान खाली घालून ऐकत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते तिनं पुसलं नाही. मध्येच केव्हा तरी काकू आत आली आणि खुर्ची ओढून बसली. शेवटी सर दमले. म्हणाले, "शेवटचा परिच्छेद मात्र ठेव. झोपेचा. तो तुझा स्वतःचा आहे." आणि त्यांनी डोळे मिटले.

काकू तिला फाटकापर्यंत सोडायला आली. कडी काढताना काकूनं विचारलं, "पुढच्या आठवड्यात येशील?"

"तुम्हाला चालणार असेल तर."

"ये. काहीतरी लिहून आण. चुका ठेव त्यात." काकूचा हात कडीवरच होता. "मला आता ते अहो-जाहो करतात गं. महिना झाला. पाणी दिलं की आभार मानतात, बसा म्हणतात, तुमचे यजमान काय करतात विचारतात. तुझ्यावर अजून ओरडतात. ते ओरडतात ना, तेव्हा मला घरात कुणीतरी आहे असं वाटतं."